झिमा म्हणजे पावसाळा

मी नोकरी काय करते हे आईला समजावून सांगण्यात माझी वीस वर्षं गेली. अजूनही ती शेजारणींना "इटलीत शिकवते" एवढंच सांगते. काय शिकवते असं कोणी खोदून विचारलंच तर "रशियन" म्हणते आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत राहते. जुन्नरची मुलगी इटलीत जाऊन इटालियन पोरांना रशियन शिकवते, यात कुठेतरी पत्ता चुकलाय असं सगळ्यांना वाटतं. मलाही अधूनमधून वाटतं.

सुरुवात अगदीच साधी. १९९५ साली पुण्यात बी.ए. करताना फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घालायला गेले. जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती, रशियनच्या वर्गात भरपूर होती. सोव्हिएत युनियन मोडून चार वर्षं झाली होती. रशियन शिकून आता नोकरी कोण देणार, असं घरी सगळे म्हणत होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ही भाषा मराठी माणसाला फार परकी नाही. चाकातला च आणि चारमधला च आपण लिहितो एकच, बोलतो वेगळे. रशियनमध्ये त्यांना दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, एवढंच. लिंगं तीन, विभक्त्या सहा. आर्टिकल नावाचा प्रकारच नाही. मी सर्टिफिकेट केलं, डिप्लोमा केला आणि हट्टाने एम.ए.सुद्धा.

१९९९ मध्ये दहा महिन्यांसाठी मॉस्कोच्या पुश्किन इन्स्टिट्यूटमध्ये गेले. बेल्यायेवो मेट्रो स्टेशनवर उतरायचं आणि बर्फातून चालत जायचं. तिथे जुन्या रशियन भाषेच्या तासाला पंधराव्या शतकातला एक उतारा वाचायला दिला होता. त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी १४७०च्या आसपास हिंदुस्थानात आला, त्याच्या प्रवासाच्या टिपणांतला तो उतारा. चौलला उतरून तो घाट चढून आला आणि पावसाळ्यात एका गावात अडकून पडला. गावाचं नाव लिहिलं होतं 'च्युनेर'. तळटीपेत खुलासा: जुन्नर.

मी ती ओळ तीनदा वाचली. पुढे तो लिहितो की हे शहर दगडी बेटावर आहे, कोणी बांधलेलं नाही, देवानेच घडवलेलं. वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. अभ्यासकांनी काहीही म्हणावं, मला तरी त्यात शिवनेरीच दिसतो. आणि मग ते वाक्य, चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. वर्गात व्हिएतनामी, मंगोलियन, सीरियन मुलं होती. त्यांच्यासमोर मी मोठ्याने हसले आणि मॅडमनी मला उठवून कारण विचारलं.

परत आल्यावर मात्र रशियनच्या जोरावर पोट भरेना. एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मी तांत्रिक भाषांतरं करू लागले. त्यांचा भागीदार इटालियन होता, म्हणून मला इटालियन शिकायला सांगितलं. शिकले. व्हॉल्व्ह, गॅस्केट, बेअरिंग यांचे इटालियन शब्द मला दान्तेच्या काव्यातल्या पाओलो-फ्रान्चेस्काच्या गोष्टीआधी येत होते, ही लाजेची गोष्ट मी विद्यार्थ्यांना आजही सांगते. २००२ मध्ये शिष्यवृत्तीवर पेरूजाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात काही महिने राहिले, आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की इटलीत स्लाव्ह भाषांचा, म्हणजे रशियन ज्या कुळातली त्या भाषांचा, अभ्यास हा जुना, भक्कम धंदा आहे. पादुआला १९२०मध्येच जोव्हान्नी माव्हेर यांच्यासाठी स्लाव्ह फिलॉलॉजीचं, म्हणजे भाषा आणि जुन्या ग्रंथांच्या अभ्यासाचं, अध्यासन निघालं होतं. एत्तोरे लो गात्तो यांनी पुश्किनचा आख्खा 'येव्गेनी अनेगिन' इटालियनमध्ये आणला. गोगोलने 'मृत आत्मे'चा मोठा भाग रोममध्ये बसून लिहिला. आणि ज्यांच्यापासून स्लाव्ह लिखाणाची सुरुवात धरतात, त्या दोघा भावांपैकी सिरिल ८६९ साली रोममध्येच वारले, त्यांची समाधी सान क्लेमेंते चर्चमध्ये आहे. तिथे एका रविवारी जाऊन आले आणि ठरवलं की इथेच पीएच.डी. करायची.

ठरवणं सोपं होतं. इटलीत पीएच.डी.ला, म्हणजे दोत्तोरातोला, प्रवेश मिळवायला स्पर्धा परीक्षा असते. जवळजवळ प्रत्येक गोष्टीला असते; तिचं नाव कोंकोर्सो, आणि हा शब्द इटलीतली माणसं आपल्याकडे 'एमपीएससी' म्हणतात त्याच सुरात उच्चारतात. आधी माझी पुण्याची एम.ए. त्यांच्या मापात किती भरते याचं प्रमाणपत्र आणायचं. त्यासाठी प्रत्येक गुणपत्रिका, तिचं भाषांतर, भाषांतरावर शिक्का, आणि तो शिक्का खरा असल्याचा आणखी एक शिक्का. त्यात आठ महिने गेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

लेखी परीक्षेच्या दिवशी टेबलावर तीन बंद पाकिटं ठेवली होती. उमेदवारांपैकी एकाने त्यातलं एक उचलायचं, त्यात जो विषय निघेल तो सगळ्यांना. आम्ही अकरा जण होतो. विषय निघाला मध्ययुगीन स्लाव्ह ग्रंथांची हस्तलिखित परंपरा आणि पाठचिकित्सेच्या, म्हणजे अनेक प्रती जुळवून मूळ पाठ ठरवण्याच्या, पद्धती. बाकीचे उमेदवार जर्मन पाठचिकित्सक लाखमानपासून सुरू झाले असणार. मीही झाले, पण दुसऱ्या पानावर मी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे वळले. फार विचार करून नव्हे. पुण्यात राहिलेल्या माणसाला हस्तलिखितांचा वंशवृक्ष म्हटलं की तेच आठवणार. त्या आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांनी बर्लिनमध्ये जर्मन पद्धत शिकून घेतली आणि मग १९३३च्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं की महाभारतासारख्या ग्रंथाला ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण प्रती एकमेकींत मिसळलेल्या आहेत. इटलीत जोर्जो पास्क्वाली यांनी पुढच्याच वर्षी, १९३४मध्ये, आपल्या ग्रंथात प्रतींच्या सरमिसळीचाच प्रश्न उचलला आणि बजावलं की नंतरची प्रत म्हणजे वाईट प्रत असं धरून चालू नका. हे दोघं एकमेकांना ओळखत होते असं मी लिहिलं नाही. फक्त शेजारी शेजारी ठेवलं.

तोंडी परीक्षेत तिघा परीक्षकांपैकी एकाने तेवढ्याबद्दलच विचारलं. पाऊण तास. शेवटी मला चौथी जागा मिळाली. शिष्यवृत्ती असलेल्या जागा चारच होत्या. महिन्याला आठशे-साडेआठशे युरो, तीन वर्षं.

माझे मार्गदर्शक जुन्या वळणाचे गृहस्थ. मी निकितिनवर काम करणार म्हटल्यावर ते खूश झाले, कारण मूळ जागा माहीत असलेला विद्यार्थी त्यांना कधी मिळाला नव्हता. मीही खूश होते. माझ्या डोक्यात प्रबंध तयारच होता: निकितिनच्या टिपणांत मराठीचे ठसे. पंधराव्या शतकातला रशियन माणूस दोन महिने जुन्नरला राहतो, तर त्याच्या कानावर मराठी पडली नसेल?

दीड वर्ष मी शब्द वेचत होते. त्यातला सगळ्यात लाडका शब्द 'किचिरिस'. तो लिहितो की इथे घोड्यांना हरभरे चारतात, आणि साखर-तूप घालून शिजवलेली किचिरिस चारतात. खिचडी! मी त्यावर सतरा पानं लिहिली. मार्गदर्शकांनी ती वाचली आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात प्रश्न लिहिला: हा शब्द मराठीच कशावरून? बरोबर होतं. खिचडी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत आहे, आणि निकितिनच्या आधी शंभर वर्षं इब्न बतूतानेही ती नोंदवली आहे. मग त्यांनी त्याच परिच्छेदातले बाकीचे शब्द मांडायला लावले. जुन्नरच्या शेतात काय पेरतात ते निकितिन सांगतो, पण भाताला त्याचा शब्द 'तुतुर्गान', तो तुर्की. हरभऱ्याला 'नोगुत', तो फारसी. म्हणजे ज्या माणसाने शेत पाहिलं त्याने शेतकऱ्याशी बोलून शब्द घेतला नव्हता. तो बाजारात, सरायांत, घोड्यांच्या व्यापाऱ्यांत वावरत होता. तिथे फारसी-तुर्कीची बाजारभाषा चालायची, आणि माझं जुन्नर त्याच्यापर्यंत त्या भाषेतून गाळून पोचलं. त्याचा घोडा जुन्नरच्या खानाने हिसकावून घेतला, तो सोडवून द्यायलाही खुरासानचा एक माणूस धावून आला. त्याच्या टिपणांचा शेवटसुद्धा त्या मिश्र भाषेतल्या प्रार्थनेने होतो.

ती सतरा पानं मी फाडली नाहीत, पण प्रबंधात गेली ती दोन. त्या रात्री मी आईला फोन करून खिचडी कशी करतेस असं उगाच विचारलं.

खरा प्रश्न मला दुसऱ्या शब्दात सापडला, आणि तो मी आधी वाचूनही पाहिलाच नव्हता. निकितिन म्हणतो, त्रोइत्साच्या सणापासून यांचा 'झिमा' सुरू झाला. झाडातला झ. झिमा म्हणजे हिवाळा, कुठल्याही रशियन पोराला विचारा. त्रोइत्सा येते ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी, म्हणजे मे-जूनमध्ये. जूनमध्ये जुन्नरला हिवाळा? अर्थात तो पावसाळ्याबद्दल बोलतोय, हे टीपा लिहिणाऱ्यांनी कधीच सांगून ठेवलं आहे. पण मला उताऱ्याचं इटालियन भाषांतर करायचं होतं. 'पावसाचा ऋतू' लिहायचं की 'हिवाळा'? सगळ्यांनी सल्ला दिला, पावसाचा ऋतू लिही, वाचक गोंधळेल.

मी जुने इटालियन प्रवासी काढून बसले. व्हार्थेमाचं पुस्तक रोममध्ये १५१०ला छापलं, तोही चौलला येऊन गेलेला. व्हेनिसचा चेझारे फेदेरिची. फिरेंझेचा, म्हणजे फ्लॉरेन्सचा, फिलिप्पो सास्सेत्ती. आणि फेदेरिचीच्या पानावर तेच: हिंदुस्थानात हिवाळा मे महिन्यात मोठ्या पावसाने सुरू होतो. गोव्याचे पोर्तुगीजही पावसाळ्याला हिवाळाच म्हणत. एकमेकांचं काही न वाचलेली ही माणसं एकच 'चूक' करत होती, तेव्हा ती चूक नव्हती. मला जे सुचलं ते कोकणातलं होतं. पावसाळ्यात दर्या बंद असतो, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की उघडतो. भूमध्य समुद्रावर जहाजं हिवाळ्यात बंद असायची. त्या लोकांच्या हिशेबात हिवाळा म्हणजे थंडी असण्याआधी वाट बंद होण्याचा काळ. निकितिन तर दर्यावर्दी नव्हताच, पण तोही पावसाळ्यात चिखलात अडकला होता. मी भाषांतरात 'हिवाळा'च ठेवला आणि खाली दीड पानाची टीप लिहिली. प्रबंधातली तेवढीच टीप पुढे लोकांनी उद्धृत केली.

२००९च्या वसंतात प्रबंध मंजूर झाला. तोवर मार्गदर्शक मला 'लेई' म्हणजे 'तुम्ही' म्हणत. त्या दिवशी बाहेर कॉफी घेताना त्यांनी 'तू' म्हटलं आणि मलाही तसंच म्हणायला सांगितलं. मला ते आजतागायत जमलेलं नाही.

पुढची नऊ वर्षं लिहायला कंटाळा येतो, तरी थोडं सांगते, कारण बाहेरून ही नोकरी फार छान दिसते. कधी संशोधनाची वर्षभराची नेमणूक, वर्षाला एकोणीस-वीस हजार युरो, त्यावर कर नाही पण पुढच्या वर्षाची खात्रीही नाही. कधी तासिका तत्त्वावर कंत्राट. कायद्याने तासाला २५ ते १०० युरोच्या मधे काहीही देता येतं. मला कोणी १०० दिले नाहीत. परीक्षा घेणं, प्रबंध तपासणं त्याच पैशांत. दोन वेगवेगळ्या शहरांत शिकवायचे आणि मधल्या पॅसेंजर गाडीत निबंध तपासायचे.

आणि त्याच काळात मला एक शब्द सारखा टोचत राहिला, 'माद्रेलिंग्वा', मातृभाषक. इटलीच्या विद्यापीठांत भाषेचे सरावतास घेणारे जे भाषातज्ज्ञ नेमतात, त्यांची मातृभाषा तीच असावी लागते. मी एका ठिकाणी रशियनसाठी अर्ज केला. खिडकीवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट पाहिला, अर्ज पाहिला, आणि नम्रपणे म्हणाल्या, "पण तुम्ही रशियन नाही आहात." मी म्हटलं, नाही. "इटालियन पण नाही." नाही. "मग तुमची मातृभाषा?" मी सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, बहुधा घरी जाऊन बघायला. अर्ज परत आला. नियमच तसा आहे, त्यांचा दोष नाही. पण त्या संध्याकाळी पॅसेंजरमध्ये निबंध तपासले नाहीत.

वर्गात मात्र हेच माझं भांडवल ठरलं. इटालियन मुलांना रशियन क्रियापदाच्या 'विद'ने, म्हणजे पूर्ण-अपूर्णतेच्या भानगडीने, रडवलेलं असतं. ती मुलं लगेच आपल्या दोन भूतकाळांशी जोड्या लावतात आणि हमखास फसतात. "तुम्ही 'युद्ध आणि शांती' वाचलंय का?" हे रशियनमध्ये अपूर्ण क्रियापदाने विचारतात, 'चिताली', "वाचून झालं का?" हे पूर्ण क्रियापदाने, 'प्रोचिताली'. मला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं. वाचलंय, वाचून झालं, वाचून काढलं, वाचून टाकलं: आपण दिवसभर हेच करतो. फळ्यावर मराठीची चार वाक्यं देवनागरीत लिहून त्यांच्या शेजारी रशियन मांडते. मुलांना देवनागरी वाचता येत नाही, तरी एक तिसरी भाषा मधे आली की ती आपल्या भाषेच्या खुंटीवरून सुटतात. मातृभाषकाला हे सुचलं नसतं असा माझा दावा नाही. मला मात्र हेच सुचतं.

२०१०च्या कायद्याने प्राध्यापक व्हायचं तर आधी राष्ट्रीय पात्रता मिळवावी लागते. सोडतीने निवडलेले पाच जण तुमचं सगळं लिखाण तपासतात आणि पाचही जणांचे अभिप्राय संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. आपल्याकडे निकाल लागतो. तिथे उमेदवाराचं शवविच्छेदन चव्हाट्यावर मांडतात. २०१२च्या पहिल्या फेरीत मी नापास. अभिप्रायांचा सूर एकच: लेख चांगले, विस्कळीत, स्वतंत्र ग्रंथ नाही. मी आठवडाभर चिडले होते. नंतर तेच अभिप्राय पुन्हा वाचले, तर खरंच ग्रंथ नव्हता.

तेव्हा लिहिला. निकितिन आणि इटालियन प्रवासी पश्चिम किनाऱ्याबद्दल लिहिताना कोणते शब्द कुठून उचलतात, एवढ्यावरच. त्यातलं सास्सेत्तीचं प्रकरण लिहिताना मला जितकी मजा आली तितकी कशातच आली नाही. हा फिरेंझेचा व्यापारी १५८३मध्ये कोचीनला उतरला, १५८८मध्ये गोव्यात वारला. मिऱ्यांचे सौदे करता करता त्याने एका पत्रात लिहून ठेवलं की इथल्या पंडितांच्या संस्कृतात आपले पुष्कळ शब्द आहेत. सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देव, साप. इटालियनमध्ये सेई, सेत्ते, ओत्तो, नोव्हे, दिओ, सेर्पे. संस्कृतचं युरोपच्या भाषांशी नातं सांगण्यासाठी ज्याचं नाव घेतात त्या विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधी. आणि तो किनाऱ्यावर हे कागदावर उतरवत होता त्याच वर्षांत, शके १५०६ला, म्हणजे १५८४मध्ये, घाटावर पैठणला एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवून पाठ शुद्ध करत होते. दोघांचा काही संबंध नाही. इटालियन संपादकाने विचारलं, संबंध नाही तर परिच्छेद कशाला? मी तो ठेवला.

२०१७मध्ये पात्रता मिळाली, पाचांपैकी चार मतांनी. २०१८मध्ये एका विद्यापीठाची जागा निघाली, तीन वर्षांची, नंतर सहयोगी प्राध्यापक होण्याची. १२ प्रकाशनं जोडायची, समितीपुढे त्यावर चर्चा, आणि एका परकीय भाषेची तोंडी चाचणी. जाहिरातीत भाषा दिली होती इंग्रजी. तर रशियन शिकवण्यासाठी, इटालियनमध्ये बोलत, मराठी बाईने इंग्रजीतला एक उतारा मोठ्याने वाचून दाखवला. समितीच्या अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि "उत्तम" असं लिहिलं. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांची फार आठवण आली, कारण त्यांनी कधी ४५च्या वर गुण दिले नव्हते.

"लागली का कायमची?" आईने विचारलं. मी म्हटलं, तीन वर्षांनी होईल. "म्हणजे अजून परीक्षाच चालू आहेत तुझ्या," ती म्हणाली. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते.

झाली कायमची. पण फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्यानंतर काम बदललं. माझे विद्यार्थी एक सत्र मॉस्कोला जायचे, ते थांबलं. आता कोणी येरेवानला जातं, कोणी बिश्केकला. रशियातल्या ज्या ग्रंथालयात मी निकितिनच्या प्रतीची पानं पाहिली, तिथे पुन्हा जाणं कधी होईल कोण जाणे. पहिल्या वर्षाला विषय का घेतला असं विचारलं की पूर्वी मुलं दस्तयेव्हस्कीचं नाव घ्यायची. आता बरीचशी जरा थांबतात.

परीक्षा आमच्याकडे तोंडी. गुण तिसांपैकी, अठराला पास, आणि विद्यार्थ्याला मिळालेले गुण नाकारून पुढच्या फेरीला परत येता येतं. आपल्याकडच्या माणसाला हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही. गेल्या जूनमध्ये एका मुलाला मी निकितिनचा जुन्नरचा उतारा दिला. व्याकरण चोख, विभक्त्या चोख. झिमाचं भाषांतर त्याने 'हिवाळा' असं केलं. मी विचारलं, कसला हिवाळा? तो म्हणाला, डोंगरातलं गाव आहे, बर्फामुळे वाट बंद झाली असेल. मी म्हटलं, पण पुढच्याच ओळीत नांगरणी-पेरणी चालली आहे. तो बराच वेळ पानाकडे बघत बसला. मग म्हणाला, वाट बंद हे तरी बरोबर ना?

मी चोवीस दिले. त्याने नाकारले. सप्टेंबरच्या फेरीला येतो म्हणाला.